नोंद नसलेली मात्रा

बायको राजमणी गेल्याचं कळलं तेव्हा अंबादास येमूल नागपुरात बावीस जणांना श्वास कसा धरायचा ते शिकवत होते.

"पूर्ण छाती भरायची नाही," ते सांगत होते. "पोट भरल्यावर कुणी आणखी वाढायला आलं की आपण ताटावर हात आडवा धरतो ना, तेवढ्यावर थांबायचं. आणि हलायचं नाही. हं, धरा."

बावीस जणांनी श्वास धरला. तेवढ्यात फोन वाजला. सोलापूरहून डॉक्टर शहनाज मुजावर बोलत होत्या. अंबादास ज्या रुग्णालयात एकोणीस वर्षं काम करत होते तिथल्या हृदयचित्रण विभागाच्या त्या प्रमुख.

"काका, बसलाय का कुठे?"

"उभा आहे. वर्ग चालू आहे."

"मग आधी बसा."

ते बसले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. राजमणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसलेली सापडली. हृदयाची मोठी रक्तवाहिनी अचानक बंद पडली होती. डॉक्टर आणखी काही सांगत होत्या. अंबादासांनी मान वर केली तर समोरची माणसं लाल चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी "सोडा" म्हटलंच नव्हतं.

"सोडा," ते म्हणाले, आणि मग फोनमध्ये म्हणाले, "हो, ऐकतोय."

अंबादासांचं काम थोडक्यात सांगायचं तर असं. हृदयाचं सीटी काढायचं म्हणजे सतत हलणाऱ्या वस्तूचा फोटो काढायचा. ठोके जितके सावकाश, तितकं चित्र स्वच्छ. म्हणून आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, चार तास पोटात अन्न नाही, पाणी चालतं. मग छातीवर नाडी टिपणाऱ्या तीन चकत्या चिकटवायच्या, कोपराच्या आतल्या शिरेत सुई घालायची, जिभेखाली औषधाचा फवारा मारायचा. सुईतून रंगद्रव्य आत गेलं की सगळ्या अंगात ऊब पसरते आणि माणसाला वाटतं आपल्याकडून लघवी झाली. अंबादास ते आधीच सांगून ठेवायचे. "कलेक्टर येऊन झोपले तरी त्यांनाही तसंच वाटतं, आणि कुणालाच झालेली नसते." माणूस हसायचा. हसला की तीन-चार ठोके उतरायचे.

तरीही नाडी साठाच्या खाली येत नसेल तर गोळी द्यायची. ठोके उतरवायची गोळी सगळीकडे देतात. अंबादास देत नसत. ते रुग्णाच्या उशाशी स्टूल ओढून बसत आणि विचारत, "तुमचे हात काय करतात?" कुणी विणकर असे, कुणी शिंपी, कुणी आयुष्यभर भाकऱ्या थापलेली बाई. ते म्हणायचे, "मला येत नाही, नीट सांगा, पहिल्यापासून." मराठीत, तेलुगूत, कानडीत, उर्दूत, ज्याला जी भाषा जवळची तिच्यात. माणूस सांगू लागला, त्याच्या हातांना माहीत असलेलं काम मनात चालू झालं, की पडद्यावरचा आकडा खाली यायचा. ऐंशीवरून सत्तर, सत्तरवरून एकोणसाठ. एकोणीस वर्षांत त्यांना याचं नवल वाटायचं थांबलं नव्हतं. दोन माणसं एका खोलीत बसून जात्याबद्दल बोलतात आणि एकाच्या छातीतला स्नायू ते ऐकतो.

त्यांची कीर्ती झाली ती यामुळेच. बिनगोळीची तयारी शिकवायला त्यांना बारा दिवस नागपूरला बोलावलं होतं. राजमणी गेली तो नववा दिवस.

चार महिन्यांपूर्वी तिची तपासणी अंबादासांनीच केली होती. जिना चढताना धाप लागते म्हणाली होती. टेबलावर आडवी झाल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "तुमचे हात काय करतात?"

"तुमचे डबे भरतात," ती म्हणाली. "गप बसा आता. दिवसातनं एकदा आडवं पडायला मिळालंय, पडू द्या."

नाडी सत्तावन्न. न गोळी, न बोलणं. चित्र इतकं स्वच्छ आलं होतं की डॉक्टर मुजावरांनी विभागातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. डाव्या वाहिनीच्या भिंतीत एक मऊ गाठ होती, पण अहवालात स्पष्ट लिहिलं होतं: पाच वर्षं धोका नाही.

तो अहवाल माणसानं लिहिलेला नव्हता. तो प्रतिहृदय नावाच्या यंत्रानं दिला होता.

दिवसकार्य उरकल्यावर सोमवारी अंबादास कामावर गेले ते थेट डॉक्टर मुजावरांच्या खोलीत.

"मला चौकशी हवी," ते म्हणाले. "यंत्र चुकलं की मी चुकलो, एवढं मला कळलं पाहिजे. तयारी माझी होती."

"चौकशी सुरूच आहे. निरंजन बघतोय. पण तुम्ही आत्ता त्यात नका पडू, काका."

"मी घरी बसलो तरी त्यातच असणार आहे."

डॉक्टर उठल्या आणि त्यांना तळमजल्यावर घेऊन गेल्या.

निरंजन खमितकर प्रतिहृदयाचा गणिती. लातूरचा, तिशीतला, बोलताना चष्मा पुसायची सवय. अंबादास विभागात इतकी वर्षं असूनही या खोलीत कधी आले नव्हते. खोली काळोखी होती आणि मधोमध, पुरुषभर उंचीचं, हवेत उभं असलेलं एक हृदय धडधडत होतं. त्याच्या भिंती पारदर्शक होत्या. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, रक्त आत वळसा घेऊन वर उसळत होतं. अंबादासांचे पाय दारातच थांबले. आयुष्यभर ते या वस्तूच्या फोटोची तयारी करत आले होते.

"हे कुणाचं?"

निरंजननं डॉक्टरांकडे बघितलं. "काकूंचं," तो म्हणाला.

ते जवळ गेले. हात पुढे केला तो हृदयातून आरपार गेला. त्यांनी तो मागे घेतला.

"हे कसं चालतं ते सांग," ते म्हणाले. "मला शिकवायचं आहे असं समजून सांग."

"सीटीतनं आपल्याला हृदयाचा आकार मिळतो," निरंजन म्हणाला. "प्रतिहृदय त्या आकारात रक्त सोडतं आणि त्याला पुढची पाच वर्षं जगवतं. खऱ्या पाच वर्षांना इथे वीस मिनिटं लागतात. ही मऊ गाठ बघा. हिच्यावर पातळ पापुद्रा असतो. दर ठोक्याला वाहिनी वाकते, पापुद्रा जरासा झिजतो. शरीर तो भरून काढत असतं. झीज आणि भरणी. भरणी पुढे असली तर माणूस शंभर वर्षं जगेल. झीज पुढे गेली की एक दिवस पापुद्रा फाटतो."

"आणि झीज ठोक्यांवर."

"ठोक्यांवर आणि दाबावर. काकूंच्या बाबतीत हद्द होती एकोणसत्तर. त्याखाली भरणी जिंकते, वर झीज."

"तिची नाडी सत्तावन्न होती. मी स्वतः बघितली."

"हो," निरंजन म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

"अरे, पुसून पुसून भिंग झिजेल. बोल."

"काका, सीटीच्या वेळी कुणाचीच नाडी खरी नसते. आपण ती उतरवलेली असते. म्हणून यंत्र मात्रा विचारतं. गोळी किती दिली ते रकान्यात भरलं की यंत्र तेवढे ठोके परत चढवतं. आम्ही त्याला मात्राभरपाई म्हणतो. मग ते हृदय रोजच्या जगण्यासारखं धावतं. जिने, भांडणं, फोडणीचा ठसका, सगळं त्यात धरलेलं असतं." तो थांबला. "काकूंना सोडून तीन वर्षांत यंत्राचे सोळा अंदाज चुकले. सोळापैकी तेरा तुमच्या हातचे."



अंबादासांना समजायला वेळ लागला नाही. ते हुशार माणूस होते आणि हे काम त्यांचं होतं. "मी रकान्यात शून्य लिहीत होतो," ते म्हणाले.

"बरोबर. गोळी दिलीच नव्हती. तुम्ही खरं तेच लिहिलं."

"आणि यंत्राला वाटलं हा माणूस असाच शांत आहे."

"जन्मापासून. घरीदारी, कायम."

डॉक्टर मुजावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "चूक आमची आहे, काका. बोलण्यालाही मात्रा असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही. उलट आम्ही तुम्हाला शिकवायला पाठवलं."

अंबादासांनी स्टूल शोधलं आणि ते बसले. एकोणीस वर्षं ज्याचा अभिमान बाळगला, त्यानं माणसं मेली होती. तेरा. त्यांना काही चेहरे आठवले. एक बाई गोधड्या शिवायची, टाका कसा घालायचा ते तिनं हवेत करून दाखवलं होतं. त्यांनी विचारलं नाही की ती तेरांत आहे का.

"म्हणजे राजमणी माझ्यामुळे गेली," ते म्हणाले.

"ते अजून ठरलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांचं गणित दुरुस्त करता येतं. चकत्या चिकटवल्यापासूनची नाडी यंत्रात साठलेली असते, फक्त ती कुणी बघत नव्हतं. तुम्ही बोलायच्या आधी किती होती, नंतर किती झाली, वजाबाकी केली की तुमच्या बोलण्याची मात्रा निघते. कुणावर आठ ठोके, कुणावर बावीस. राजमणीबाईंच्या बाबतीत वजाबाकीच होत नाही. पहिल्या क्षणापासून सत्तावन्न. उतार नाहीच."

"मी आधीपासून खोलीत होतो. चकत्या मीच लावल्या."

"तेच म्हणतोय मी," निरंजन हळूच म्हणाला. "तुम्ही यायच्या आधीची नोंद नाही. म्हणून मी नाडीपट्टा मागवला."

नाडीपट्टा राजमणीच्या मनगटावर दीड वर्ष होता. मुलीनं बंगळुरूहून पाठवला होता. तो घड्याळासारखा दिसायचा आणि राजमणी त्याच्यात फक्त वेळ बघायची. आत तो दर मिनिटाची नाडी साठवत होता.

"दाखव," अंबादास म्हणाले.

"काका, आज नको," डॉक्टर म्हणाल्या.

"मॅडम, मी माणसांना आधी सगळं सांगून ठेवतो. ऊब येईल, डोकं दुखेल, सगळं. कारण न सांगितल्यानं जास्त त्रास होतो. मला सांगा."

निरंजननं हृदय बाजूला सरकवलं आणि त्या जागी एक रेष उभी केली. दीड वर्षाची, दिवसांवर दिवस रचून एकच केलेली. सकाळी रेष अठ्ठावन्न-साठच्या आसपास होती. साडेआठनंतर ती हळूहळू चढत सहासष्टपर्यंत जात होती आणि दिवसभर तिथेच राहत होती. संध्याकाळी सव्वासहाला ती एकदम खाली येत होती.

अंबादास त्या उताराकडे बघत राहिले. साडेआठला ते कामावर निघत. सव्वासहाला त्यांची स्कूटर बोळात शिरे.

"हे रोज?"

"रोज. रविवारी चढच नाही. तुम्ही दोनदा हैदराबादला लग्नाला गेला होतात एकटे, तेव्हाही नोंद आहे. तीन दिवस वर, तुम्ही आलात की खाली."

सव्वासहाला घरात काय होत असे ते अंबादासांना चांगलं माहीत होतं. राजमणी स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आलात? चपला बाहेर काढा." त्यापलीकडे काही नाही. एकोणतीस वर्षांत तिनं कधी म्हटलं नव्हतं की तुम्ही आलात बरं झालं. बहुतेक दिवस ती काही ना काही कुरकुर करत असायची आणि ते वर्तमानपत्राआडून हं हं करत. त्यांनी घरी तिची काही तयारी केली नव्हती, हातांबद्दल विचारलं नव्हतं, श्वास मोजला नव्हता. ते नुसते घरात होते. आणि इथे, पुरुषभर उंच रेषेत, दीड वर्ष रोज एका ठरलेल्या मिनिटाला तिचं हृदय खाली बसत होतं.

हे तिला माहीत असेल का, असं त्यांच्या मनात आलं. नसणार. कुणालाच माहीत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा घरात चालू होती आणि दोघंही भाजी चिरत, पेपर वाचत तिच्या शेजारून वावरत होते. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक उजेड पडावा आणि मूर्ती आपल्याला वाटली होती त्याच्या दहापट मोठी निघावी, तसं झालं.

"आता नागपूरचे नऊ दिवस," ते म्हणाले.

रेष पहिल्या दिवशी सत्तरला गेली. मग चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. झोपेतसुद्धा खाली येईना. सव्वासहाला ती किंचित वर उडत होती आणि तशीच राहत होती. नवव्या सकाळी संपली.

"मी प्रतिहृदयाला दोन्ही नोंदी देऊन बघितल्या," निरंजन म्हणाला. "हे नऊ दिवस जसेच्या तसे दिले तर ते नवव्या सकाळी थांबतं. साताच्या सुमाराला."

"आणि आधीसारखे दिले तर?"

निरंजननं मघाचं हृदय पुन्हा मधोमध आणलं. ते मघासारखंच चाललं होतं. "पाऊण तास हे तेच चालू आहे. याची आत्तापर्यंत अकरा वर्षं झाली. गाठ भरत आलीय."

अंबादासांनी डॉक्टरांकडे वळून विचारलं, "म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाकी तेरा जणांच्या बाबतीत चुकलं. त्यांच्या घरी तुम्ही नव्हता. राजमणीबाईंच्या बाबतीत त्यानं धरलेलं खरं होतं. तुम्ही जवळ असताना पाच वर्षं धोका नाही, असा तो अहवाल होता. पहिले तीन शब्द लिहायची सोय नव्हती."

अंबादास उठून म्हणाले, "बाकीचे किती?"

"कोण?"

"ज्यांना मी शून्य लिहिलं आणि गाठ आहे, आणि जे जिवंत आहेत."

निरंजननं यादी आधीच काढली होती. "तीनशे अकरा. तीनशे अकरा घरांत तुम्ही उशाशी बसलेला आहात असं धरून यंत्र चाललंय."

"मग त्यांना बोलवायला पाहिजे," अंबादास म्हणाले. "आजपासून."

नागपूरच्या बावीस जणांना त्यांनी त्याच दुपारी कळवलं की शिकवलेलं थांबवा, गोळी द्या आणि लिहा. सगळ्यांची उत्तरं दोन दिवसांत आली. मग त्यांनी यादी समोर घेतली आणि फोन सुरू केले. आठवडाभरात एकशे चाळीस जणांशी बोलले. प्रत्येकाला नीट समजावलं: जुना अहवाल धरू नका, पुन्हा तपासणी करायची आहे, पैसे पडणार नाहीत, लवकर या.

आले फक्त नऊ.

विभागातल्या सिस्टर पाटोळे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत. आवाज असा की वॉर्डातली भांडी वाजत. आठव्या दिवशी अंबादास एका पेंटरशी बोलत होते. पलीकडून तो म्हणाला, "काका, तुमचा आवाज ऐकूनच बरं वाटलं बघा. सकाळपासनं जीव घाबरा झाला होता, आता नाही. येतो की कधीतरी." फोन ठेवला गेला.

सिस्टरनी हात पुढे केला. "यादी इकडे द्या."

"का?"

"अहो, तुमच्या फोननं माणसं झोपी जातात. त्यांना घाबरवायला पाहिजे. तुम्हाला या जन्मी जमणार नाही ते."

"मी स्पष्ट सांगतो की धोका आहे म्हणून."

"सांगता. पण कसं सांगता? अंगाई म्हटल्यासारखं." त्यांनी यादी ओढून घेतली आणि त्याच पेंटरला पुन्हा फोन लावला. "उद्या आठ वाजता उपाशीपोटी यायचं. चहा प्यायलात तर परत पाठवीन. का म्हणजे? मरायचं असेल तर नका येऊ." आणि फोन ठेवला.

तो पेंटर दुसऱ्या दिवशी पावणेआठलाच दारात उभा होता. दुरुस्त गणितात त्याची हद्द केव्हाच ओलांडलेली निघाली. दुपारी त्याला शस्त्रक्रियेला नेलं.

तेव्हापासून फोन सिस्टर करतात. आलेल्यांना दुसरे तयारी करणारे गोळी देतात आणि मात्रा लिहितात. अंबादास काचेच्या अलीकडे बसतात. आत रुग्ण घाबरून आढ्याकडे बघत असतो, त्याची नाडी नव्वदला असते, आणि त्यांनी जायचं नसतं, बोलायचं नसतं. ओळखीचा माणूस काचेतून दिसला तर त्याचे ठोके पाच-सहांनी उतरतात, असं निरंजनला दिसलं. म्हणून आता काचेवर पडदाही लावलाय. अंबादास पडद्याआड आकडा बघत बसतात. तो आपोआप, गोळीनं, हळूहळू उतरतो. मग रुग्ण श्वास धरतो आणि त्याच्याबरोबर तेही धरतात.

चार महिन्यांत दोनशे सत्तावीस जण येऊन गेले. त्यातल्या एकोणचाळीस जणांवर वेळेत उपचार झाले. सहा जण फोन जाण्याआधीच गेलेले होते. काहींचे नंबर बदललेत, काही गाव सोडून गेलेत, आणि काही जण सिस्टर पाटोळेंनासुद्धा म्हणतात की येमूलकाकांनी आम्हाला बघितलंय, आम्हाला काही होत नाही.

यादीतली अठ्ठ्याहत्तर माणसं अजून यायची आहेत.